खिडकीच्या फटीतला पंचा

"खिडकी उघडा की, पण ताई, वारा देवनारकडून आहे," असे मावशी आज अगदी सहज म्हणाल्या. फटीत त्यांनी ओला पंचा घट्ट खोचून ठेवला होता आणि त्याची बाहेरची कड राखाडी पडली होती.

रुळांलगतची झोपडी हटल्यावर मावशींना पुनर्वसनात मानखुर्दची ही खोली मिळाली.

मुंबईचा कचरा देवनारला 1927 पासून पडतो आहे. पुढे 1971 मध्ये तिथेच कत्तलखाना आला. भिक्षेकरीगृह चेंबूरला, बालगृह मानखुर्दला, आणि रूळ-रस्ते रुंद करताना आड आलेली कित्येक कुटुंबे याच भागातल्या दाटीवाटीच्या इमारतींमध्ये. शहराला जे जे डोळ्यांसमोर नको होते, ते एकाच कोपऱ्यात कसे बरे गोळा झाले? 2016 च्या जानेवारीत कचऱ्याला आग लागून धूर दूरवर पसरला, तेव्हा कुठे आम्हा इतरांना या कोपऱ्याची आठवण झाली (तीही चार दिवसच).

निघताना मावशींनी विचारले, "तुमचा जुना मिक्सर टाकायचा होता ना? मला द्या."

तो मी परवाच सोसायटीच्या कचऱ्यात ठेवला होता. कदाचित एव्हाना तो माझ्याआधीच इकडे पोहोचलाही असेल.