चांदी सुटली ती धनत्रयोदशी

बेळगावच्या टिळकवाडीतील एका खासगी दवाखान्यात मी गेली अकरा वर्षे पशुवैद्य म्हणून काम करतो. दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याची चांदी नावाची मुधोळ कुत्री माझ्या हातून सुटली. रेबीजची लस टोचून झाली होती, मालक पैसे देण्यासाठी वळले होते आणि साखळी मी धरली होती. तेवढ्यात समोरच्या दुकानापुढे कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चांदीने एकदाच मागे झटका दिला आणि उघड्या दारातून ती बाहेर पडली. माझ्या हातात साखळी आणि तिला अडकलेला रिकामा पट्टा उरला.

मुधोळचे डोके अरुंद आणि मान जवळजवळ तेवढीच जाड असते. त्यामुळे साधा पट्टा कानांवरून सहज सरकतो, आणि म्हणूनच या जातीला ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा लागतो. हे मी कितीतरी मालकांना सांगत आलो आहे, पण त्या संध्याकाळी पट्ट्याखाली बोट घालून पाहायचे माझ्याकडूनच राहिले. दवाखान्याला आतून दुसरे दारही तेव्हा नव्हते. ते दिवाळीनंतर बसवले.

मग जे करू नये ते सगळे आम्ही केले. मालक मोटारसायकलवर, मी आणि कंपाउंडर पायी, असे तिघेही तिचे नाव ओरडत तिसऱ्या रेल्वे गेटच्या दिशेने धावलो. मुधोळ ही नजरेने सावज हेरून वेगाने गाठणारी जात आहे. तिच्यामागे माणूस किती धावणार? मिरज-लोंढा मार्गाचे रूळ ओलांडून ती दिसेनाशी झाली. त्याच वेळी एका गाडीची शिट्टी ऐकू आली, तेव्हा माझे हातपाय गार पडले.

शहरात जखमी आणि हरवलेल्या जनावरांसाठी धावून येणाऱ्या तरुणांचा एक गट आहे. एरवी तेच माझ्याकडे रोगी घेऊन येतात. त्या दिवशी मी त्यांना बोलावले. अर्ध्या तासात चौघे आले : महाविद्यालयातील दोन मुली, कन्नड शाळेतील एक शिक्षिका आणि वडगावच्या गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा. त्या मुलाने सर्वांत आधी मोटारसायकल बंद करायला लावली. ‘‘डॉक्टर, हाका मारू नकासा. ती आता तुमच्या आवाजालाच भिऊन पळूलालीय,’’ असे तो म्हणाला. भेदरलेल्या जनावराची नाडी आणि श्वास कसे बदलतात हे मी पुस्तकातून शिकलो होतो. परंतु अशा वेळी त्याला धन्याचा आवाजही पाठलागासारखाच वाटू शकतो, हे या मुलाने कित्येक रात्री रस्त्यांवर काढून जाणले होते.

शिक्षिकेने मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत पत्रक लिहिले. मोठा फोटो, फोन क्रमांक आणि ठळक अक्षरांत एकच सूचना : पकडायला जाऊ नका, फक्त कळवा. पहाटे घराबाहेर असणाऱ्या दूधवाल्यांना, वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांना आणि घंटागाडीवरच्या कामगारांना ती पत्रके हातात दिली. गॅरेजचा मुलगा मात्र रात्री उशिरापर्यंत शहापूरच्या बाजूला नुसता उभा राहून ऐकत होता. अनोळखी कुत्रे हद्दीत शिरले की प्रत्येक गल्लीतील भटकी कुत्री भुंकतात, आणि ते भुंकणे ज्या दिशेने सरकते त्यावरून वाट कळते. ते दक्षिणेकडे, म्हणजे येळ्ळूरच्या अंगाला, सरकत होते.

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी फटाक्यांचा पुन्हा कल्लोळ झाला. दुपारी बळ्ळारी नाल्याजवळ भात कापणाऱ्या एका बाईंचा फोन आला : बारीक कमरेचे पांढरे कुत्रे पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीमागे पडून आहे. मी तत्काळ निघालो, तर त्या चौघांनी मला अडवले. दोघांनीच लांबून जाऊन खात्री करून घेतली. संध्याकाळी त्यांनी गंजीपासून वीस पावलांवर पाण्याचे भांडे, भाजलेली सुकट आणि चांदी घरी ज्यावर झोपते ते घोंगडे ठेवले. रात्रभर तो मुलगा बांधाआड बसून राहिला. उजाडायच्या आधी पाहिले तर ओल्या चिखलात पावलांचे ठसे होते, सुकट संपली होती आणि घोंगडे मध्यभागी चेपले होते.

लक्ष्मीपूजनाच्या पहाटे मालकांच्या आईंना आणले. मुधोळ परक्या हाताला सहसा जवळ येऊ देत नाही. चांदी तर भाकरी घेते ती आजींच्याच हातून. शिक्षिकेने त्यांना बजावून सांगितले, की गंजीकडे पाठ करून बसायचे, वळून पाहायचे नाही, नाव घ्यायचे नाही. आजी बांधावर बसल्या आणि चुलीपुढे बसल्यावर पुटपुटतात तशा स्वतःशीच पुटपुटत भाकरी मोडू लागल्या. मी पलीकडच्या बांधाआड आडवा पडून होतो. राजहंसगडावर उजेड पडत गेला, दव पाठीतून आत शिरले, आणि बऱ्याच वेळाने गंजीच्या कडेला एक लांब तोंड दिसले.

ती सरळ आली नाही. मोठा वळसा घालून ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेली, तिथे थांबली आणि नाक वर करून वास घेऊ लागली. इतका वेळ पोटाखाली दाबलेली शेपटी प्रथम सैल झाली, मग एकदा हलली. पुढची पावले तिने धावतच टाकली आणि आजींच्या काखेत तोंड खुपसले. आजींनी तिला कवटाळले नाही. शिकवल्याप्रमाणे आधी भाकरीचा तुकडा दिला, मग सावकाश तिच्या मानेत सुती दोरीचा फास सरकवला आणि त्यानंतरच ‘‘आलीस गं बाय’’ म्हणून रडू लागल्या.

मी तिथेच तिला तपासले. ताप एकशे तीन, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसत होती, पुढच्या दोन्ही पायांचे तळवे सोलवटले होते आणि कानांत गोचिड्या होत्या. पाणी घोटाघोटानेच द्यायला लावले. मालकांची क्षमा मागितली, तर ते तळव्यांकडे पाहत एवढेच म्हणाले, ‘‘आधी औषध लावा की.’’

दुपारी ते चौघे पुन्हा शहरभर फिरून लावलेली पत्रके काढत होते. जुनी पत्रके भिंतीवर राहिली की पुढच्या वेळी लोक बघत नाहीत, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो. गोगटे चौकाजवळच्या चहाच्या गाड्यावरचे पत्रक मी सोलत असताना गाडेवाल्याने किटली खाली ठेवली.

‘‘गावली काय ओ?’’

‘‘गावली,’’ मी म्हणालो. त्याने आमच्यापुढे न विचारताच पाच कप ठेवले.