काठीवरचं नाव मीच पुसलं

लिलावात मी एक जुना गठ्ठा घेतला होता तो रिळांसाठी. फाटक्या कापडी पिशवीतली गळाची काठी त्यासोबत फुकटात आली. तीन तुकडे, एक जादा शेंडा, वर काळपट चिकट वार्निश. एका तुकड्याचं उघडं टोक भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं की हे एकसंध लाकूड नाही. सहा त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेला षट्कोन आहे. म्हणजे ग्रीनहार्ट या कठीण लाकडाची नव्हे, स्प्लिट-केनची, म्हणजे बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली काठी.

इथे मी थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवत होते. बुंध्याच्या तुकड्यावर मुठीच्या वरचं वार्निश पात्याने खरडायला घेतलं. चारेक इंच साफ झाल्यावर कपच्यांबरोबर निळसर-काळे ठिपके पडताना दिसले. ती शाई होती. अनेक जुने कारागीर नाव आणि मॉडेल बांबूवरच शाईने लिहीत आणि वरून वार्निशचा हात देत. इंग्लंडमधल्या अॅनिकच्या हार्डी ब्रदर्सच्या काठ्यांवर 'पालाकोना' हे त्यांच्या स्प्लिट-केन काठ्यांचं नाव असंच लिहिलेलं असतं. माझ्या काठीवर उरलं ते एका अक्षराचं लांब शेपूट आणि 9 हा आकडा. हा 9 बहुधा नऊ फुटांचा, कारण तुकडे जोडून मोजल्यावर लांबी तेवढीच भरली. नाव मात्र कपच्यांबरोबर गेलं.

मग उरलेल्या खुणांवरून शोध सुरू केला. सांध्यांचे फेरूल, म्हणजे तुकडे एकमेकांत बसवायच्या धातूच्या नळ्या, पितळेचे नव्हते, जर्मन सिल्व्हरचे होते, म्हणजे अगदी स्वस्तातली काठी नाही. बांबूवर भाजल्याचे तपकिरी चट्टे नव्हते. ते जुन्या कलकत्ता बांबूवर असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा टोंकिन बांबूने घेतली. (नाव व्हिएतनाममधलं, पण बांबू चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला. 1950 मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि अमेरिकेतल्या कारागिरांचा कच्चा मालच तुटला.) शिवाय सबंध काठीवर थोड्याथोड्या अंतरावर रेशमाचे बारीक बांध होते. सरसावर भरवसा नव्हता त्या काळात पट्ट्या उलू नयेत म्हणून असे बांध देत. पुढे डिंक सुधारले तसे ते कमी होत गेले. एवढ्यावरून मी दोन महायुद्धांच्या मधला काळ धरला. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

दोन शेंडे शेजारी ठेवले तर एक अडीच इंच आखूड निघाला. कधीतरी मोडला असणार आणि टोकाची, गळाची दोरी ओवायची कडी खाली सरकवून बसवली असणार. विकत घेताना हे आधी मोजावं, कारण वाकलेलं सरळ करता येतं, गेलेली लांबी परत येत नाही.

वाकलेला होता मधला तुकडा. उष्णता दिली की बांबू मऊ होतो, हे वाचून स्पिरिटच्या दिव्यावर तो फिरवत बसलो. बाक निघाला, पण सरसालाही तीच ऊब लागली आणि एक पट्टी बोटभर उलली. घाम फुटला. फटीत नवा डिंक भरला, सुती दोरा आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने घट्ट गुंडाळला आणि तुकडा दोन दिवस सरळ टांगून ठेवला. बसली पट्टी. सैल झालेला फेरूल काढताना मात्र शहाणपण आलेलं होतं. आधी भिंगातून बघितलं तेव्हा फेरूलमधून आरपार ठोकलेली बारीक पिन सापडली. ती न काढता ओढलं असतं तर बांबूच फाटला असता.

सगळ्यात जास्त वेळ रेशमाने खाल्ला. वार्निश लागलं की रेशमी दोरा पारदर्शक होतो आणि रंग गडद पडतो. फिका लाल म्हणून आणलेला दोरा पहिल्या हातातच विटकरी झाला. तो उलगडला आणि मग चार रंगांचे नमुने एका काडीवर गुंडाळून, वार्निश लावून, वाळवून बघितले. कड्यांपाशीचे बांध बदलले, मधले मूळचेच राहू दिले. ते विटलेत, पण धरून आहेत. वार्निशचे हात पातळ दिले. दोन हातांच्या मध्ये धूळ बसू नये म्हणून काठी बंद कपाटात टांगत होतो आणि तरी धूळ बसतच होती.

तयार झालेली काठी एका मित्राला दाखवली. म्हणाला, "शाईने 'पालाकोना' लिहून टाक, कोण बघतंय!" आठवडाभर टाक आणि दौत टेबलावर होती, हे कबूल करतो. शेवटी त्या शेपटावर आणि 9 वर वार्निशचा एक हात दिला. पिशवीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे: नऊ फूट, तीन तुकडे, एक शेंडा आखूड, बनवणारा माहीत नाही, नाव माझ्या हातून खरडलं गेलं.