मात्सुमोतोची काइची शाळा: चुन्यातले दगड आणि देवळातली दारं

मात्सुमोतोला येणारे बहुतेक जण काळा किल्ला बघतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरतात. किल्ल्याच्या उत्तरेला दहा मिनिटं चाललं की जुनी काइची शाळा लागते, पण ती ‘वेळ उरला तर बघू’ या खात्यात पडते. माझ्या मते हे उलटं हवं. किल्ले जपानात पुष्कळ आहेत. आधुनिक काळातल्या शाळेच्या इमारतीला ‘राष्ट्रीय ठेवा’ हा दर्जा मात्र 2019 मध्ये पहिल्यांदा मिळाला, आणि तो याच शाळेला.

तोक्योच्या शिंजुकू स्थानकावरून ‘आझुसा’ गाडीनं अडीच-तीन तास लागतात, नागोयाहून ‘शिनानो’नं साधारण दोन. ‘आझुसा’त सगळ्या जागा आरक्षित असतात, त्यामुळे रेल्वे पास असला तरी जागा आधी घेऊन ठेवा. किल्ला साडेआठला उघडतो. वरच्या मजल्यांचे जिने अतिशय उभे, एक तर 61 अंशांचा; गर्दीच्या दिवसांत तिथेच माणसं तुंबतात. म्हणून किल्ला सकाळी उघडताक्षणी उरकावा आणि मग शाळेकडे वळावं. शाळेत शेवटचा प्रवेश साडेचारला असतो. बंदचा वार ऋतूप्रमाणे बदलतो, तेवढा निघण्यापूर्वी तपासा. आत बूट काढावे लागतात. गाव सुमारे 590 मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात लाकडी जमीन गार पडते, तेव्हा जाड मोजे हवेतच.

तिकीट काढायची घाई करू नका. आधी बाहेर उभं राहून कोपरे बघा. पांढऱ्या भिंतीच्या कोपऱ्यांवर एक लांब, एक आखूड असे राखाडी दगड रचलेले दिसतात, पायाशीही तसाच पट्टा. यातला एकही दगड नाही. इमारत अख्खी लाकडी आहे आणि ‘दगड’ म्हणजे चुन्याचा गिलावा. जपानी गिलाव्यात विझवलेला चुना, तागासारखे तंतू आणि समुद्री शेवाळ उकळून काढलेला चिकट रस असतो. रस पाणी धरून ठेवतो, त्यामुळे थर घाईनं वाळत नाही. वाळताना चुना आकसतो तेव्हा तंतू त्याला तडकू देत नाहीत. राखाडी रंगासाठी काजळी मिसळायची जुनी रीत. दोन ‘दगडां’मधला सांधा ही नुसती रेघ आहे. जवळ जाऊन तिरकं बघितलं की कळतं. समोरून काढलेल्या फोटोत कधीच कळत नाही.

हे घडवून आणणारा माणूस स्थानिक सुतार, तातेइशी सेइजू. पाश्चात्त्य बांधकामाचं शिक्षण त्याला नव्हतं. तोक्यो आणि योकोहामाला जाऊन त्यानं नव्या इमारती पाहिल्या आणि परत येऊन आपल्या हातातल्या कसबानं तशी वस्तू उभी केली. अशा कामाला जपानीत ‘गियोफू’ म्हणतात, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीची नक्कल. प्रवेशद्वाराच्या वर बघा: दोन पंखवाली बाळं शाळेच्या नावाची पाटी धरून आहेत, आणि त्यांच्या खाली ढग आणि अस्सल देवळातला शोभेल असा ड्रॅगन. बाळांचा नमुना ‘तोक्यो निचिनिची’ वृत्तपत्राच्या रंगीत चित्रपत्रकाच्या मथळ्यावरून उचललेला आहे. वर अष्टकोनी मनोरा, आणि छपरावर साधी जपानी कौलं. कुणी याला धेडगुजरी म्हणेल. मला तर यातला आत्मविश्वास आवडतो.

आता पैशाचं. 1872 मध्ये सरकारनं शिक्षणाचा कायदा काढला, पण इमारतींचा भार लोकांवर पडला. मात्सुमोतो तेव्हा ज्यात होतं त्या चिकुमा प्रांताचा प्रमुख नागायामा मोरितेरू शिक्षणाच्या बाबतीत हट्टी होता. 1873 मध्ये शाळा भरली ती झेन्क्यू-इन या मोडीत काढलेल्या बौद्ध मंदिराच्या जागेत. बौद्ध मंदिरांवर गदा येण्याचाच तो काळ. नवी इमारत एप्रिल 1876 मध्ये पुरी झाली. खर्च त्या वेळचे सुमारे 11,000 येन. त्यातले जवळपास 70 टक्के गावकऱ्यांच्या वर्गणीतून आले, उरलेले खास देणग्या आणि पाडलेल्या मंदिराच्या जुन्या लाकडाच्या विक्रीतून वगैरे. गंमत म्हणजे जूनमध्ये प्रांताची कचेरी जळाली, ऑगस्टमध्ये प्रांतच मोडला आणि मात्सुमोतोचा भाग नागानोत गेला, आणि शाळा मात्र तशीच चालू राहिली.

मंदिराचं सगळंच काही विकलं गेलं नाही. आत गेल्यावर कोरीव नक्षीची जी जड दारं दिसतात ती झेन्क्यू-इनमधून आलेली आहेत. एरवी साध्या असलेल्या मार्गिकेत ती जरा जास्तच दिमाखदार वाटतात, त्यामुळे ओळखू येतात. वरच्या सभागृहात खिडक्यांना रंगीत काच आहे. तिथं ऊन असताना जा, ढगाळ हवेत तिचा रंग उठत नाही.

प्रदर्शनात पुस्तकं, बाकं वगैरे आहे, ते कुठल्याही शाळा-संग्रहालयात असतं. इथं थांबावं ते दोन गोष्टींपाशी. 1890 मध्ये मात्सुमोतोच्या प्राथमिक शाळेनं मागे पडणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग काढला. जपानमधल्या विशेष शिक्षणाची सुरुवात तिथून धरतात, जरी तो वर्ग काही वर्षांतच बंद पडला. दुसरी गोष्ट दाया मुलींच्या वर्गाची: दुसऱ्यांची तान्ही मुलं सांभाळणाऱ्या गरीब मुली पाठीवर मूल बांधूनच शिकायला येत. माहितीफलक मुख्यतः जपानीत आहेत. फोनचा कॅमेरा छापील उभा मजकूर बऱ्यापैकी वाचतो, पण कुंचल्यानं लिहिलेल्या जुन्या कागदांवर तो हमखास ठेच खातो, तेव्हा त्याच्या भाषांतरावर विसंबू नका.

एक गैरसमज टाळा: शाळा मूळ जागी नाही. ती गावातल्या मेतोबा नदीकाठी होती आणि 1963 पर्यंत तिथे मुलं शिकत होती. नदीच्या सुधारणेच्या कामात ती जागा गेली, तेव्हा इमारत सोडवून इथे पुन्हा उभी केली आणि 1965 पासून संग्रहालय सुरू झालं. भूकंपापासून बळकटी देण्याच्या कामासाठी 2021 पासून ती बंद होती, नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडली. त्यामुळे जुन्या प्रवासलेखांतले दर आणि वेळा धरून चालू नका.

हाताशी अर्धा दिवस असेल तर गावाच्या पूर्वेला सातोयामाबेमधली यामाबे शाळाही बघा. ती 1885 ची, तिच्यावरही अष्टकोनी मनोरा, आणि आत स्थानिक इतिहास व लोकजीवनाचं छोटं संग्रहालय. काइचीसारखी व्हायची तिची इच्छा उघड दिसते, पण खिडक्यांना काचेऐवजी शोजी, म्हणजे कागद लावलेल्या लाकडी चौकटी, बसवल्या, म्हणून लोक तिला ‘शोजी शाळा’ म्हणत. काइची आधी आणि यामाबे नंतर, याच क्रमानं गेलात तर हा फरक चटकन डोळ्यांत भरतो.