झारीचा दिवा

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा आहे. त्यावर झारीचं चित्र आणि झारीच्या तोंडाशी एक थेंब. चावी फिरवली की पेटतो, इंजिन सुरू झालं की विझतो. तेरा वर्षं त्याने एवढंच काम केलं, आणि देव्हाऱ्यातल्या मागच्या रांगेतल्या देवाकडे आपण जेवढं पाहतो, तेवढंच मी त्याच्याकडे पाहिलं.

आमचं बिछायत केंद्र आहे, लग्नकार्यांना सामान भाड्याने देतो. खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, गंज, कढया, पंखे, मंडपाच्या बल्ल्या. आजोबांच्या वेळी हे सगळं बंडीतून जायचं, बाबांच्या वेळी मॅटाडोरमधून, आणि २०११ पासून या पिकअपमधून. घेतली तेव्हा पांढरी होती, आता चहात दूध कमी पडल्यासारखी दिसते. आठ वर्षं उलटल्यामुळे दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. त्या दिवशी मात्र तिची आंघोळ, टिळा, सगळं साग्रसंगीत होतं.

२०२४ चा मे महिना बिछायतवाल्यांना वाईटच गेला. गुरू-शुक्राचा अस्त, लग्नाचे मुहूर्त जवळपास नाहीत, धंदा तेरव्या-बारशांवर आलेला. कळमेश्वरला एका तेरवीचं सामान उतरवून मी परत येत होतो. काटोल नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली आणि झारी पेटली. पूर्ण नाही, डोळा मारावा तशी. ॲक्सिलेटर जरा दाबला की गायब, पाय काढला की पुन्हा लुकलुक. सिग्नल सुटला आणि तीही शहाण्यासारखी गप्प बसली.

वाडीला आमचे मिस्त्री आहेत. दिव्याचं ऐकून त्यांनी बोनेटही उघडलं नाही, आधी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तेल पाह्यलं होतं का? का नुसतं डिझेलच टाकून राह्यले?"

"वेळेवर बदलतो ना."

"बदलता हो. पाह्यता का?"

हा प्रश्न मला लागला. कारण पाहत नव्हतो. बदलणं हे बिल भरण्यासारखं असतं, एकदा भरलं की महिनोन् महिने विसरायला मोकळे. पाहायला मात्र रोज हात काळे करावे लागतात.

त्याच आठवड्यात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती आणि देशभर नागपूरचं नाव झालं होतं. मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आपला खरा विक्रम मे २०१३ मधला ४७.९ अंशांचा, तोच कायम राहिला. खरं सांगायचं तर आम्हा नागपूरकरांना थोडं वाईटच वाटलं. एवढं तापून हातात काही नाही! मिस्त्री म्हणाले, "तसंच असंन. स्विच खोटं बोलून राह्यला." दिव्याचा स्विच इंजिनच्या कुशीत बसवलेला असतो. तेलाचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की तो दिवा पेटवतो. तो नवा बसवला. दुसऱ्या दिवशी शंकरनगरच्या सिग्नलला झारीने पुन्हा डोळा मारला. आता खोटं बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

"वीस-पन्नास टाकून द्या," मिस्त्रींचा दुसरा उपाय. "जाड तेल. दिवा दबून जाते."

इथून माझं तेलपुराण सुरू झालं. गाडीचं मॅन्युअल डिकीत सापडलं, तीन लग्नपत्रिका आणि एका पावतीबुकाच्या खाली. त्यात लिहिलं होतं १५ डब्ल्यू ४०. आता हा डब्ल्यू म्हणजे काय, ते मी इतकी वर्षं वजन धरून चाललो होतो. तो निघाला विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज हलतं ते सांगतो, आणि नंतरचा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहतं ते. १५ डब्ल्यूचं तेल उणे २० अंशांनाही इंजिनला फिरू देईल इतपत पातळ असावं लागतं. नागपूरला डिसेंबरात पारा आठ-नऊवर आला तरी आपण कानटोप्या काढतो. म्हणजे पंधरा घ्या की वीस, थंडीचा जाच इथे तेलाला नाही. आणि उन्हाळ्याचंही तसंच. बाहेर ४५ असो की २५, पळून तापलेल्या इंजिनातलं तेल शंभराच्या आसपास असतं. त्याला नवतपा काय, दिवाळी काय! "उन्हाळा आला, जाड तेल टाका" हा सल्ला मी निदान चार जणांकडून ऐकला आहे, त्यातले दोघे सासरचे. तो मी मान हलवून ऐकतो आणि सोडून देतो.

एकच तेल थंडीत पंधरासारखं आणि गरम झाल्यावर चाळिसासारखं कसं वागतं, हे मला कुरडईवरून कळलं. तेलात काही लांबलचक रेणू मिसळलेले असतात. गार असताना ते वाळल्या कुरडईसारखे आखडून बसतात, तेल तापलं की फुलतात आणि त्याला फार पातळ होऊ देत नाहीत. फरक इतकाच की ही कुरडई दर फेरीला गिअर-बेअरिंगांत चेंगरते आणि तुटत जाते. म्हणून जुनं तेल बोटाला चिकट लागलं तरी त्यातला चाळीस कधीच चाळीस उरलेला नसतो.

डब्यावर दुसरं कोडं अक्षरांचं, म्हणजे तेलाच्या दर्जाचं. एसने सुरू होणारं पेट्रोलसाठी, सीने सुरू होणारं डिझेलसाठी. सीएच-४ आलं १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये, सीके-४ २०१६ मध्ये. पुढचं तेल मागच्याच्या जागी चालतं, मागचं पुढच्याच्या जागी नाही. आमची गाडी बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतली. ती घेतली तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखात ३५० भाग होती, १ एप्रिल २०२० पासून देशभर १० वर आली. गंधक जळून आम्ल होतं आणि ते मारण्याची ताकद तेलात ठेवावी लागते. डिझेल शुद्ध झाल्यामुळे म्हाताऱ्या इंजिनला म्हातारपणी सात्त्विक आहार मिळाला, असं म्हणायला हरकत नाही. मी १५ डब्ल्यू ४०, सीआय-४, साधं खनिज तेल पक्कं केलं. सिंथेटिकचा मोह झाला होता. पण जिथे गळती थेंबाथेंबाने चालूच आहे, तिथे दुप्पट भावाचं तेल रस्त्यावर शिंपडायला मी काही खतवाला नाही, बिछायतवाला आहे.

कंपनी कोणती, यावर मात्र मी मत देणार नाही. काही डब्यांच्या झाकणाखाली मिस्त्रींसाठी कूपन असतं, हे कळल्यापासून गॅरेजमधल्या कंपनीभक्तीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. एका कंपनीच्या नावाची गोष्ट तेवढी आवडली. १९०९ मध्ये वेकफिल्ड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने आपल्या वंगणात एरंडेल मिसळलं. एरंडेल म्हणजे कॅस्टर, म्हणून कॅस्ट्रॉल. बाबांना हे सांगितलं तर ते हसलेच. आजोबांच्या बंडीच्या आसाला एरंडेलाचंच वंगण असायचं, बांबूच्या नळ्यात भरून बंडीखाली टांगलेलं. "चाक ओरडलं की घालायचं," बाबा म्हणाले. "त्याला दिवा-बिवा नव्हता."

वीस-पन्नास मी टाकू दिलं नाही. दिवा दबला असता हे खरं, पण दुखणं नाही. मिस्त्री थोडे फुगले. मग स्विच काढून त्या जागी त्यांनी काट्याचं मीटर लावलं, गाडी वाडीहून खडगावच्या बाजूला तापवून आणली आणि उभी ठेवली. काटा हळूहळू खाली येऊन निजला. "चेंबर खोला लागते," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता चीड नव्हती, उत्सुकता होती.

इंजिनच्या तळाशी तेल साठतं ते चेंबर. त्यात एक पाइप बुडालेला असतो आणि त्याच्या तोंडाला चहाच्या गाळणीएवढी जाळी. पंप तिथूनच तेल ओढतो. चेंबर उतरलं आणि आम्ही दोघे खाली वाकून पाहत राहिलो. जाळीचा निम्म्याहून जास्त भाग काळ्या गाळाने लिंपलेला होता, शिऱ्याची कढई तळाशी लागल्यावर दिसते तसा. गाळ नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला. झारीतला शुक्राचार्य म्हणतात तो हाच. वरून तेल भरपूर, आत वाट अडलेली. वामनाने दर्भाच्या काडीने त्याचा डोळा फोडला होता. मिस्त्रींनी डिझेल आणि जुना दातघासणीचा ब्रश घेतला.

दोष कोणाचा, यावर फार शोध लागला नाही. मी किलोमीटर मोजत होतो. पण बिछायतीची गाडी किलोमीटरवर कुठे चालते? महालातून इतवारी, इतवारीतून सक्करदरा. चार किलोमीटर जायचं आणि सामान उतरेपर्यंत अर्धा तास इंजिन सुरू ठेवून उभं राहायचं, कारण बॅटरीही जुनी. मीटर चार म्हणतं, इंजिनचं वय तासाभराने वाढतं. पूर्ण न तापलेल्या इंजिनात काजळी, ओल, न जळलेलं डिझेल सगळं तेलात उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. त्यात मध्ये दोनदा मी एका दुकानातून सुटं तेल घेतलं होतं, पिपातून मापाने दिलेलं. स्वस्त होतं एवढंच आठवतं.

तेव्हापासून आमचं तेल पंचांगावर बदलतं. तुळशीचं लग्न लागायच्या आधी एकदा, म्हणजे लग्नसराईला गाडी ताज्या तेलावर. अक्षय्य तृतीयेच्या आधी एकदा. आणि पोळ्याला एकदा, ते खरं तर बाबांच्या समाधानासाठी. दर वेळी फिल्टर नवा, चेंबरच्या बोल्टचा तांब्याचा वायसरही नवा. जळकं तेल मिस्त्रींच्या ड्रममध्ये जातं आणि तिथून पुनर्वापरवाले नेतात. पूर्वी बाबा ते मागून आणायचे आणि वाळवी लागू नये म्हणून बल्ल्यांच्या बुडांना फासायचे. एका लग्नात वरपित्याने ऐन मंगलाष्टकांत बल्लीला टेकून धोतर काळं करून घेतलं, तेव्हा ती प्रथा बंद पडली.

आणि रोज सकाळी पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन गार. पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा आत घालून काढायची. पहिल्यांदा काढलेली पट्टी काहीही सांगते, दुसऱ्यांदा काढलेलीच खरी. दोन रेघा असतात, त्यांच्या मध्ये तेल हवं. खालच्या रेघेवर गेलं तर वाईट, हे सगळ्यांना कळतं. वरच्या रेघेच्या वर भरलं तरी वाईट, हे मला उशिरा कळलं. मग क्रँक त्यात बुडून रवीसारखा फिरतो आणि तेलाचं ताक होतं. फेसाला दाब कुठला? तेल काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही. डिझेल गाडीचं तेल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशीच काळं होतं. आई पट्टीकडे पाहून अजूनही म्हणते, "कालच तर बदललं म्हणे. फसवलं तुला."

पट्टी पुसायला माझ्याकडे मंडपाच्या जुन्या झालरीचा तुकडा आहे, लाल, सोनेरी किनारीचा. कामावरचा पोरगाही आता शिकला आहे. मी शटर उघडेपर्यंत तो पट्टी घेऊन उभा असतो, ताप पाहिल्यासारखी उजेडात धरून. झारी त्यानंतर चावी फिरवल्यावरच पेटते आणि लगेच विझते.

परवा पुन्हा कळमेश्वरची ऑर्डर होती, साखरपुड्याची. दीडशे खुर्च्या, दोन गंज, कूलर. सकाळी पट्टी पाहिली, वरच्या रेघेला एक जवाचं अंतर ठेवून तेल उभं. मन प्रसन्न. फेटरीच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. झारी पेटलेली, पण ती इंजिन बंद असल्यामुळे. मी बोनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा काढली. तेल जिथल्या तिथे. मिस्त्रींना फोन लावला.

"तेल पाह्यलं होतं का?"

"पाह्यलं. आताही पाह्यलं. बरोबर आहे."

"मंग?"

पोरगा एव्हाना मागे जाऊन टाकीचं झाकण उघडून आत वाकला होता. तो तिथूनच ओरडला, "भाऊ, डिझेल नाही!"

फोनमधून मिस्त्रींचं हसणं बराच वेळ येत राहिलं. मग म्हणाले, "कॅन घेऊन पोट्ट्याले पाठवा पंपावर. आन् डिझेल टाकल्यावर हातपंपानं हवा काढा लागन, आधी स्टार्टर मारू नका." पोरगा एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून गेला. मी मागून एक खुर्ची उतरवली आणि बाभळीच्या सावलीत बसलो, हातात झालरीचा तुकडा तसाच.