तीन नंबरचा फॅन

आधी दाढेची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सकाळी ब्रश करताना उजव्या जबड्यात करंट बसला. करंट म्हणजे अगदी करंटच, ओल्या हाताने बटण दाबल्यावर बसतो तसा, दोन-तीन सेकंद आणि गायब. दुसऱ्या दिवशी चहा पिताना परत. वानवडीतच एका डेंटिस्टकडे गेले, त्यांनी रूट कॅनाल केलं, पंधरा दिवसांनी म्हणाले ही दाढच काढूया, ती पण काढली. चांगली धडधाकट दाढ होती हो! करंट होता तिथेच.

मग एका न्यूरोलॉजिस्टने माझं सगळं ऐकून पाच मिनिटांत नाव सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नस असते, तिच्या तीन फांद्या, एक कपाळाला, एक गालाला, एक जबड्याला. आत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेला टेकते, वरचं आवरण झिजतं, आणि मग नुसता स्पर्शसुद्धा वेदना होऊन वर जातो. पन्नाशीनंतर जास्त, बायकांना जास्त. उगाच दाढ काढून बसलेली मी पहिली नाही म्हणे. गोळी दिली कार्बामाझेपिन, मुळात फिटची गोळी, मेडिकलवाल्याने हळूच विचारलंच, "घरात कुणाला फिट येतात का?" ती घेतली की चक्कर येते, रक्तातलं सोडियम उतरतं म्हणून अधूनमधून तपासायला लागतं, पण करंट कमी होतो. बंद नाही होत. कमी होतो.

आणि कशाने उठेल याचा नेम नाही. घास चावला, कुणी गालाला हात लावला, वारा लागला. पुण्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुलींना मी आयुष्यभर हसले, या काय दरोडा घालायला निघाल्यात म्हणून, आणि आता मीच गाल झाकून नवऱ्याच्या मागे बसते, त्यात स्कार्फ गालाला घासला तरी कळ येते म्हणजे झाकलं तरी पंचाईत, उघडं ठेवलं तरी पंचाईत. चर्चचं कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, सुटलं. एकोणीस वर्षं आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत गायले, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तर पुस्तक न उघडता, आणि आता वरच्या सुराला तोंड उघडलं की झटका.

चर्चमधल्या लोकांबद्दल लिहू का नको असं झालं होतं पण लिहिते. एका बाईंनी भर महिला मंडळात विचारलं, "ताई, काही कबूल करायचं राहिलंय का?" म्हणजे पाप. मी घरी येऊन आठवत बसले की काय राहिलंय! शहराबाहेर एक आरोग्यप्रार्थना होती, तिथे मला नेलं, तिथल्या भाऊंनी डोक्यावर हात ठेवला, नेमका बोटांचा शेवट उजव्या कानाजवळ, मी किंचाळले तर लोकांना वाटलं आत्म्याचा स्पर्श झाला. खाली उतरल्यावर ते म्हणाले आता विश्वास ठेवा, गोळ्या टाकून द्या. मी दोन दिवस नाही घेतल्या. मूर्खपणा, दुसरा शब्द नाही. तिसऱ्या रात्री मी बाथरूमच्या फरशीवर बसून होते आणि नवरा, जो कधी आवाज चढवत नाही, तो गोळीची पट्टी हातात घेऊन ओरडत होता. कुणी सेवक तुम्हाला गोळ्या बंद करा म्हणाला ना, तर उठा, चप्पल घाला आणि घरी या.

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त राग यायचा तो बायबलातल्या २ करिंथ या पत्राच्या बाराव्या अध्यायाचा. ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो माझ्या शरीरात काटा आहे, देवाला तीनदा विनंती केली की हा काढ, आणि उत्तर काय आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." माझ्या तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच हे वचन छापलेलं. पौलाने तीनदा विचारलं, मी तीनशेदा विचारलं असेल, आणि दूध तापवताना समोर काय तर पुरे आहे. मी एकदा कॅलेंडर उलटं करून ठेवलं होतं.

पण हा पुरे शब्द डोक्यातून जाईना. आपण तो दोन्हीकडे वापरतो बघा. पंगतीत कुणी वाढायला आलं की पानावर हात आडवा धरून म्हणतो पुरे, पुरे. आणि वैतागलो की म्हणतो, पुरे झालं आता. मी दुसरं म्हणत होते आणि देव पहिलं. एकच शब्द, आणि दोघं दोन टोकांना. आता यातून मला लगेच शांती मिळाली वगैरे असं काही नाही, पण भांडण कशावरून चाललंय ते तरी कळलं. मला एकदम पोतंभर हवं होतं, म्हणजे दुखणंच बंद, कायमचं. रानात इस्राएली लोकांना देव रोज जे अन्न द्यायचा त्या मान्न्यासारखं रोजचं रोज मिळणं, उद्यासाठी ठेवलं की किडे पडणार, हे मला चालणारं नव्हतं.

मध्यंतरी चर्चची ट्रिप केडगावला गेली, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. दौंडच्या गाडीने जाता येतं, लांब नाही. रमाबाई शाळेत एका धड्यापुरत्या भेटलेल्या, हुशार बाई, संस्कृत वगैरे. यावेळी तिथे बसून मी फक्त त्यांच्या घरातले मृत्यू मोजले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण. १८८० मध्ये भाऊ. त्याच वर्षी लग्न, आणि १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा त्याच्यानंतरचा, १८८३ चा, इंग्लंडमधला. म्हणजे विश्वास ठेवला आणि मग दुःख संपलं असा हिशोब कुणी मांडेल तर पुढचं बघा, १९२१ मध्ये मनोरमाही गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. या दोन टोकांच्या मध्ये बाईंनी काय केलं, तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि छापलंही तिथेच, मुक्तीतल्या बायकामुलींच्या हातांनी. त्यांना कुणी विचारलं असेल का, काही कबूल करायचं राहिलंय का? विचारलंही असेल, लोकांचं काय.

तर आता फॅनची गोष्ट, जी खरं तर सांगायची होती. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येक उद्गारावर वेगळा माणूस बोलतो. मागच्या वर्षी मी ठरवलं होतं जायचं नाही. एप्रिल, अडतीस-एकोणचाळीस डिग्री, सगळे फॅन फुल, आणि मला वारा चालत नाही. तरी गेले, खांबाजवळ बसले तर तिथेही वरून तीन नंबरचा फॅन. दुसऱ्या उद्गाराला पहिला झटका आला. मी हाताने गाल धरायला गेले आणि मध्येच थांबवला, कारण हात लावला तर अजून. माझ्या शेजारी आक्का होत्या, ऐंशीच्या पुढच्या, कानाने कमी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर फॅनकडे पाहिलं, उठल्या, काठी टेकत भिंतीपर्यंत गेल्या आणि दोन बटणं चुकीची दाबून, समोरच्या पुलपिटावरचा लाईट घालवून परत लावून, शेवटी तिसरं बटण बंद केलं. पाळकसाहेब बोलायचे थांबले होते. आक्का परत येऊन बसल्या, प्रार्थना नाही, पाठीवर हात नाही, काही नाही.

त्या फॅनखालचे तीन बाक अडीच तास घामाने निथळत होते. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांचा शर्ट पाठीला चिकटून पारदर्शक झाला होता, एक आई ऑर्डर ऑफ सर्व्हिसच्या कागदाने बाळाला वारा घालत होती आणि तो वारा माझ्याकडे येऊ नये म्हणून तिरकी बसली होती. कुणी उठून बटण लावलं नाही. चौथा उद्गार आला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि मी पहिल्यांदाच नीट ऐकलं की त्या वाक्याला शुभवर्तमानात वरून काहीच उत्तर येत नाही. ख्रिस्तालाही नाही आलं. मी रडले, अश्रू गालावरून गेले तेव्हा झटका आलाच, पण मला तिथून जावंसं वाटेना.

नंतर जबडा बरा झाला का, नाही. ऑपरेशनचं चाललंय, नस आणि रक्तवाहिनीच्या मध्ये स्पंजचा तुकडा बसवतात, कवटी थोडी उघडून, त्यामुळे मी अजून हो म्हटलेलं नाही. गोळी चारशे मिलिग्रॅमवर आणलीये. लहान मुलांच्या ब्रशने डावीकडून दात घासते. कॅलेंडर सरळ केलंय, म्हणजे नवीन वर्षाचं आलं तेव्हा आपोआपच झालं.

आक्का डिसेंबरात गेल्या, ख्रिसमसच्या आधी. यंदा उत्तम शुक्रवारी मी पावणेबाराला दारात पोचले तर चर्चचे मामा बाक पुसत होते, मला बघून फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "या ताई. तीन नंबरचा बंद ठेवलाय."