चुलवाणातली राख

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ताऱ्यांच्या जीवनयात्रेचा धडा अगदी शेवटी येतो, त्यामुळे बहुतेक वर्षी तो घाईत उरकला जातो. या वेळी मी तो फेब्रुवारीतच घेतला. आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळ्याच्या बाजूला. त्या दिवसांत गुऱ्हाळं जोरात असतात आणि दुपारनंतर वर्गात गुळाचा वास भरून राहतो.

फळ्यावर मी आकडे लिहिले. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं, पुढे आणखी साधारण ५०० कोटी. मग गाभ्यातला हायड्रोजन संपेल, सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील. शेवटी उरेल श्वेत बटू, म्हणजे जळण संपलेला, आवळलेला छोटा गाभा.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी न बोलणारी. "सर, आमच्या गुऱ्हाळात जळण सरलं की जाळ बसतो, रसाची काहील निवते. मग सूर्याचं जळण संपल्यावर तो मोठा कसा होईल?"

इतकी वर्षं मी हा धडा शिकवतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. 'फुगतो' हा शब्द मी पुस्तकातून उचलून फळ्यावर ठेवत आलो होतो. मी तिला म्हणालो, "उद्या सांगतो. मलाही नीट बघावं लागेल." वर्ग गप्प झाला. ती मात्र समाधानानं खाली बसली.

रात्री उशिरापर्यंत वाचत होतो. उत्तर सापडलं, पण आठवीच्या पोरांना ते सांगायचं कसं, हे काही सुचेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरळ तिच्या वडिलांच्या गुऱ्हाळावर गेलो. ते काहिलीखालच्या मोठ्या चुलीपाशी, चुलवाणापाशी, बसून उसाची चिपाडं सारत होते. पोरगी शेजारी वही घेऊन. मी चुलवाणाच्या तोंडात बघत राहिलो. मधोमध राखेचा ढीग साचला होता आणि जाळ त्याच्या कडेकडेनं धरत होता.

"मधी राख साचली की असंच हुतंय सर," ते म्हणाले. "जाळ कडंला पळतुया. राख वडून काढाय लागती."

मला हवं होतं ते एवढंच होतं. वही मागून घेतली आणि तिथंच सांगायला लागलो.

सूर्य चिपाडासारखा जळत नाही. तो नुसता कोळशाचा गोळा असता तर पाच-सहा हजार वर्षांत विझला असता. त्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमानाला चार हायड्रोजन जुळून एक हेलियम होतो. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खर्ची पडतो आणि त्यातल्या ४० लाख टनांच्या आसपास वस्तुमानाची ऊर्जा होते. तरी हे काम फार संथ चालतं. गाभ्याच्या एका घनमीटरमधून निघणारी ऊर्जा मोजली तर ती उकिरड्याच्या उबेएवढीच भरते. पसारा अफाट म्हणून तेज अफाट, आणि चाल संथ म्हणून आयुष्य लांब.

हेलियम ही त्या चुलवाणातली राख. ती मधोमध साचते. जळण संपल्यावर आतून रेटणारं कोणी उरत नाही, मग स्वतःच्याच वजनानं गाभा दबतो, आवळतो, आणि आवळताना आणखी तापतो. त्या धगीनं राखेभोवतीच्या थरातला हायड्रोजन पूर्वीपेक्षा कितीतरी जोरानं पेटतो. तो जाळ बाहेरच्या थरांना ढकलतो, म्हणून सूर्य फुगतो. जळण मधलं संपतं, कडेचं नाही.

मुलीनं वहीत गोल काढला, मध्ये पेन्सिलीनं राख भरली आणि भोवती जाळाचं कडं काढलं. मी फळ्यावर काढली असती त्यापेक्षा ती आकृती सरस होती.

एक चूकही तिथंच दुरुस्त केली. '५०० कोटी वर्षं' म्हटलं की वाटतं, तोवर आपलं सगळं असंच चालणार. पण राख जसजशी साचते तसतसा गाभा आत्ताही हळूहळू आवळतोय, आणि दर १०० कोटी वर्षांमागे सूर्य दहा टक्क्यांच्या आसपास अधिक तेजस्वी होतोय. म्हणजे पृथ्वीवरचे समुद्र आणखी १०० कोटी वर्षांच्या सुमाराला आटून जातील. सूर्य फुगायच्या कितीतरी आधी. पुढे तो पृथ्वीला गिळेल की ती थोडक्यात वाचेल, यावर अजून एकमत नाही.

साडेसात वाजले होते. आम्ही चुलवाणाच्या उजेडापासून लांब, उसाच्या बांधावर गेलो. रोहिणीचा तारा अगदी डोक्यावर होता, तांबूस. तिचं वस्तुमान सूर्याहून थोडंसंच जास्त, पण तिच्या पोटातली राख आधीच साचली आहे. आज ती सूर्याच्या ४४ पट रुंद आहे. पृष्ठभाग सूर्याहून थंड, म्हणून तांबूस, पण पसारा एवढा की तेज चारशे पटींहून जास्त. आग्नेयेला व्याध चमकत होता. त्याचा जोडीदार डोळ्यांना दिसत नाही, तो १८६२ मध्ये दुर्बिणीतून सापडला. तो श्वेत बटू आहे: वजनानं सूर्याएवढा, आकारानं पृथ्वीएवढा. विझलेल्या चुलीतली धग तेवढी उरलेली.

वडील बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "राख काढायची सोय न्हाई व्हय सूर्यात?"

सूर्यात नाही. त्याचा गाभा घुसळला जात नाही, म्हणून एकूण हायड्रोजनचा दहावा हिस्सा खर्चून पहिला डाव संपतो. पण सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून हलके जे तांबडे बटू तारे असतात, ते उकळत्या काहिलीसारखे तळापासून घुसळत असतात. राख वर येते, नवं जळण खाली जातं. त्यातले सगळ्यात लहान तारे लाखो कोटी वर्षं टिकतात.

"मग ती बारकीच बरी," म्हणत ते चुलवाणाकडं वळले. काहिलीला उतू यायची वेळ झाली होती.