आमच्या घरी महिनाभर भुलाबाई बसली, त्याची गोष्ट

२०२५ साली आम्ही भुलाबाई पूर्ण महिनाभर बसवली, म्हणजे भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी. भुलाबाई म्हणजे आमच्याकडचा पोरींचा सण, मातीच्या मूर्ती बसवायच्या अन् रोज संध्याकाळी गाणे म्हणून खिरापत खायची. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. इथं आता भुलाबाई म्हटलं की कोजागिरीच्या रात्री चार गाणे, दूध, अन् झालं. माझ्या लहानपणी असं नव्हतं, महिनाभर रोज संध्याकाळी पोरी या घरून त्या घरी जायच्या, प्रत्येक घरची भुलाबाई वेगळी, प्रत्येक घरची खिरापत वेगळी.

सुरुवात झाली तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या लाकडी नंदीच्या पोळ्याला. माझा लहान्या चार वर्षाचा, तो लाकडी नंदी घेऊन सगळ्या गल्लीत फिरून आला, खिसा भरून खाऊ अन् दहा दहाच्या नोटा. मोठी सहा वर्षाची, ती ओट्यावर बसून पाहत होती अन् रात्री झोपताना म्हणते, आई, माझा सण कोणता? मला एकदम भुलाबाई आठवली. मी म्हटलं येते तुझा सण, पंधरा दिवसांनी येते, अन् म्हणून तर बसली पण मग रात्रभर विचार की मूर्ती कुठून आणायची, गाणे कोणाला येतात, पोरी येतील का.

मूर्ती विकत मिळते, नाही असं नाही, पण मला ती पोरांच्या हातानंच करायची होती. पहिली केली शेतातल्या काळ्या मातीची. तीन दिवसात भुलोजीच्या, म्हणजे भुलाबाईच्या नवऱ्याच्या, पोटातून आरपार भेग, भुलाबाईची मान वेगळी. लहान्या रडला. खरं म्हणजे हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, आपली काळी माती ओली झाली की फुगते अन् वाळली की आवळते, उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तं मूर्तीला कशा नाही पडणार.

मग शेजारच्या गावच्या कुंभारकाकांकडे गेलो, दोघं पोरं गाडीवर पुढं मागं बसवून. त्यांनी नाल्याकाठची गाळाची माती दिली, चाळून घ्या म्हणाले, अन् त्यात कापूस टाका. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. पण हो, कापूसच, सरकी काढलेला, हातानं बारीक बारीक तोडून मातीत मळायचा, त्याचे धागे मातीला आतून धरून ठेवतात. अजून दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. जिथं माती जाड तिथंच भेग पडते म्हणून मूर्ती खालून पोकळ ठेवायची, अन् उन्हात कधीच वाळवायची नाही, सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवायची, फडकं दोन दिवसांनी काढायचं. आमच्या घरी गेल्या वर्षीचा थोडा कापूस गाठोड्यात होता, पोरांनी तो तोडायला अख्खी दुपार घेतली, अन् मी सांगते की मूर्ती करण्यापेक्षा ह्या कामात त्यांना जास्त मजा आली. माती रात्रभर ओल्या पोत्यात ठेवली, सकाळी मऊ लोण्यासारखी.

भुलाबाई मोठीनं केली, मी फक्त मान अन् हात जोडून दिले. भुलोजी सासूबाईंनी, पागोटं त्यांनाच जमते. लहान्याला मांडीवरचा गणपती दिला, सोंड अन् पोट एवढंच त्यानं केलं, पण कोणीही पाहून म्हणेल की गणपतीच आहे. भुलाबाई म्हणजे पार्वती, भिल्लिणीच्या रूपातली, अन् भुलोजी म्हणजे शंकर, हे सासूबाई माती मळता मळता सांगत होत्या अन् पोरं ऐकत होती, वेगळं बसवून गोष्ट सांगायची गरजच पडली नाही.

पौर्णिमा आली ७ सप्टेंबरला अन् त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. सासूबाई म्हणे दुपारपासून वेध लागतात, सकाळीच बसवा. पण पाऊस असा धरून बसला होता की मूर्ती वाळायचं नावच घेईना, बोट लावलं की ठसा उमटत होता. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, राहू दे व माय, उद्या बसवू, ती काही रागावत नाही. तं आमची भुलाबाई एक दिवस उशिरा बसली, अन् बिनरंगाची.

रंग नंतर केला, हळूहळू, आठ दिवस पुरला तो कार्यक्रम. गेरू, चुना, हळद, काजळ, बस. साडीसाठी लाल पाहिजे होता म्हणून मी वाटीत हळद कालवली अन् त्यात चिमूटभर खायचा चुना टाकला, पिवळ्याची लाल भडक झाली, अन् दोघं पोरं नुसते पाहत राहिले. कुंकू पहिले असंच बनवत, हळद अन् चुना. त्यांनी ते इतक्यांदा करायला लावलं की हळदीचा डबा मला वर ठेवावा लागला. चुना मात्र मोठ्या माणसानंच टाकायचा, डोळ्यात गेला तं फार वाईट.

आता गाणे. मला पाच सहा येत होते, तेही अर्धे अर्धे. सासूबाईला भरपूर येतात पण त्यांना बसून सांग म्हटलं तं आठवत नाहीत, चाल धरली अन् टाळी वाजली की आपोआप पुढची ओळ येते. म्हणून रोज भांडे घासताना, भाजी निवडताना मोबाईल बाजूला चालू ठेवायची अन् रात्री वहीत उतरवून घ्यायची. मागच्या गल्लीतल्या एका आजीकडे गेली, त्यांना दिसत नाही आता, पण त्यांनी एका बैठकीत सात गाणे दिले. एकूण एकोणीस झाले वहीत.

अन् एक गोष्ट सांगते, ह्या गाण्यांत सासूचा जाच आहे, मार आहे, माहेरी न धाडणं आहे. मोठीनं विचारलं, सासर म्हणजे काय अन् तिथं मारतात का? मी आधी ते कडवे वगळायचं ठरवत होती. मग नाही वगळले. तिला सांगितलं की पहिले तुझ्यासारख्या लहान लहान पोरींचे लग्न करून देत, त्यांना आईची आठवण यायची, रडता येत नव्हतं म्हणून त्या गाण्यात सांगत होत्या, आता असं करू देत नाही, कायदा आहे. सासूबाई बाजूला बसून होत्या, त्या काही बोलल्या नाही, पण त्या रात्री त्यांनी मला एक गाणं स्वतःहून सांगितलं जे आधी कधीच म्हटलं नव्हतं.

टिपऱ्या आम्ही पहिले पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, केल्या, चुलीसाठी रचलेली होतीच घरामागं. एका दिवसात मोडल्या अन् हाताला चोया लागल्या. मग बांबूच्या वीत दीड वीत कापल्या, टोकं दगडावर घासून गुळगुळीत केले अन् जुन्या साडीच्या काठाच्या पट्ट्या गुंडाळल्या.

पहिल्या दिवशी चार पोरी आल्या. तिसऱ्या दिवशी दोनच. मला लय वाईट वाटलं, सगळ्यांच्या घरी त्या वेळेला टीव्ही नाहीतर मोबाईल. पण पोरींना परत आणलं ते खिरापतीनं. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं, ओळखल्याशिवाय मिळत नाही. डबा हलवायचा, वाजला का, गोड की तिखट, दातानं फोडायचं की चाटायचं. फुटाणे, मुरमुरे लगेच ओळखू येतात. एका दिवशी मी भिजवलेली बरबटी (चवळी) ठेवली, कोणालाच ओळखता आली नाही, पोरी घरी जाऊन आयांना विचारून आल्या अन् दुसऱ्या दिवशी बारा जणी. मग आयांनीच म्हटलं की आज खिरापत आमच्याकडून, अन् पुढच्या आठवड्यात आणखी दोन घरी भुलाबाई बसली. लहान्याला मी आवर्जून मधात बसवत होती, काही जणी म्हणे हे पोरींचं आहे, मी म्हटलं भुलोजी पण बसलाच आहे की मखरात. शेजारणीचं दोन वर्षाचं लेकरू यायचं, त्याला अख्खे दाणे फुटाणे नाही दिले, घशात अडकतात, त्याच्यासाठी कूट करून ठेवत होती.

दसऱ्याला सोनं वाटणं झालं अन् मग खरा प्रश्न आला, धांडे, म्हणजे ज्वारीचे ताटं. कोजागिरीला भुलाबाईवर ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर लागते, कणसासकट. अन् आमच्या शिवारात कोणाच्याच वावरात ज्वारी नाही! सोयाबीन, कपाशी, मधात तुरीचे तास, म्हणजे ओळी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले पहिले घरोघरी ज्वारी होती, खायला दाणा अन् ढोराला कडबा, आता कोणी पेरत नाही, एकट्यानं पेरली तं कणसावर सगळे पाखरं त्याच्याच वावरात येतात अन् रात्री रानडुकरं. पोरीला ऊसाचं मखर चालेल का विचारलं, तं म्हणे गाण्यात ज्वारी आहे ना. शेवटी नात्यातल्या एकांनी कडब्यापुरती थोडी पेरली होती, बारा किलोमीटर दूर. सोयाबीनची सवंगणी सोडून मामाजी स्वतः गेले अन् तिन्ही घरांसाठी पंधरा धांडे मोटारसायकलला आडवे बांधून घेऊन आले. पोरं फाट्यापर्यंत सामोरे गेले होते.

कोजागिरीची खिरापत ३३ प्रकारची, कोणाकडे ३२ म्हणतात. हे एका घराचं काम नाही, तिन्ही घरांनी वाटून घेतलं. सिंगाडे, सीताफळ, उकडलेल्या शेंगा, लाह्या, खोबरं, पेरू, रेवड्या, शंकरपाळे, मोजता मोजता ३१ वर अडलो, तं आंधळ्या आजीनं कनवटीची खारीक अन् खडीसाखर काढून दिली.

त्या रात्री मोठ्या लेकराला ओवाळतात. मोठीला पाटावर बसवलं, नवा फ्रॉक, अन् लहान्यानं भोकाड पसरलं की मला पण. सासूबाईंनी त्याच्या हातात आरतीचं ताट दिलं, म्हणे तू ओवाळ ताईला. दोन्ही हातांनी ताट धरून, जीभ बाहेर काढून, त्यानं ओवाळलं. दिवा विझला नाही. चंद्र पार वर येईपर्यंत अंगणात टिपऱ्या चालू होत्या अन् दूध चुलीवर आटत होतं.

दुसऱ्या दिवशी मूर्ती टोपल्यात पाणी घालून भिजवली, तासाभरात विरघळली अन् वर कापसाचे धागे तरंगायला लागले, लहान्यानं ते एक एक वेचून काढले. माती तुळशीत टाकली. धांडे गाईनं खाल्ले, कणसं मात्र मोठीनं काढून आड्याला बांधली, बी म्हणून. मामाजींनी दाणा दाताखाली धरून पाहिला, म्हणाले हे कच्चं हाय माय, याचं बी नाही होत. जूनमध्ये मी बी आणतो, बांधाकडून दोन तास टाकू. पोरगी बोटं मोजत बसली, आपले पाच, त्यांचे पाच, त्यांचे पाच, अन् मग म्हणे आबा, डुकरांसाठी वरून पाच टाकजा.